बीज गोठ्यात पिकतं, भाचीबाई

नोकरी लागली, पांढरा कोट मिळाला, प्रयोगशाळेची चावी कनवटीला आली. आता मामाचं ऐकायला थोडा वेळ काढ. गाईच्या अंडाशयातून सुईने स्त्रीबीज काढायचं, ताटलीत पिकवायचं, फलित करायचं आणि सातव्या दिवशी तयार झालेला भ्रूण दुसऱ्या गाईच्या पोटात सोडायचा, हे सगळं तू माझ्यापेक्षा चांगलं वाचलं आहेस. पुस्तकं जे दोन ओळींत उरकतात तेवढंच मी सांगणार आहे.

एक गोष्ट आधी ध्यानात धर. शंभरातल्या किती बीजांचे भ्रूण होणार, हे बरंचसं बीज हातात येतं तेव्हाच ठरलेलं असतं. पुढचं कल्चर नीट असेल तर होणारा भ्रूण दणकट होतो, गोठवल्यावर तग धरतो; पण मुळात कच्चं राहिलेलं बीज कुठलाही इन्क्युबेटर पक्कं करत नाही. म्हणून माझे निम्मे मंत्र शेणामुताचे आहेत. नाक मुरडू नकोस.

१. गाय खोड्यात घेण्याआधी, तीन महिन्यांपूर्वी ती काय खात होती ते विचार — आज सुईत येणारं बीज तेव्हापासून वाढीला लागलेलं असतं आणि त्या दिवसांतली आबाळ ते आज दाखवतं. गव्हाणीत आज पडतं, सुईत तिसऱ्या महिन्याला चढतं.

२. नवी गाय आली की मालकाला लगेच सुई लावायची घाई असते, तुला नसावी — ट्रकचा प्रवास, अनोळखी दावण आणि बदललेला चारा हे तीनही तिच्या अंगातून उतरायला काही आठवडे लागतात.

३. आठवड्याला एकदा तिच्या पाठीवरून, बरगड्यांवरून आणि माकडहाडाच्या दोन्ही बाजूंनी हात फिरव, पाचाच्या मापात तिला तीनच्या आसपास ठेव — डोळ्याला रोजची गाय रोज तशीच दिसते, हात खोटं बोलत नाही.

४. गुबगुबीत गाय पाहून खूश होऊ नकोस — आधीच अंगाने भरलेल्या कालवडीला वरून खुराक चढवला की फॉलिकल, म्हणजे बीज धरणाऱ्या पाण्याच्या पिशव्या, भरपूर दिसतात, पण बीजांचा दर्जा घसरतो. हडकुळ्या गाईला मात्र तोच वाढीव खुराक लाभतो, म्हणजे सगळ्या दावणीला एकच घमेलं पुरत नाही.

५. भरपूर दूध देणारी गाय व्याली की पहिले दोन-अडीच महिने तिच्याकडून फार आशा ठेवू नकोस — खाते त्याहून जास्त दुधात जातं, अंगावरची चरबी वितळते आणि त्या चरबीची आम्लं थेट फॉलिकलच्या पाण्यात उतरतात, जिथे बीज बसलेलं असतं.

६. सरकी पेंड द्यायची तर हात राखून दे, आणि निव्वळ तिच्यावर गाय जगवू नकोस — सरकीतलं गॉसिपॉल रवंथ करणाऱ्या पोटात बरंचसं अडतं, पण प्रमाण वाढलं की उरलेलं रक्तात जातं आणि ते बीजाला व कोवळ्या भ्रूणाला मानवत नाही. मराठवाड्यात, विदर्भात पेंड म्हटली की सरकीच डोळ्यांपुढे येते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

७. लसूणघास आणि पेंड दोन्ही सढळ, पण मका-ज्वारी बेताची, असा खुराक दिसला तर मालकाला चहाला बसव आणि समजाव — ऊर्जेची जोड नसलेली प्रथिनं पोटात अमोनिया होतात, रक्तातला युरिया वाढतो आणि बीज त्याच युरियाच्या पाण्यात पिकतं.

८. बुरशीचा मका, काळपट भुईमूग पेंड, वरून पांढरी जाळी धरलेला मुरघास हे ‘गुरांना चालतं’ म्हणून खपवू देऊ नकोस — काही बुरशींचं विष शरीरात मादी संप्रेरकासारखं वागतं आणि बीजाच्या पिकण्यातच गोंधळ घालतं.

९. खनिज मिश्रणाचं पोतं गोठ्याच्या कोपऱ्यात आहे का एवढं पाहून समाधान मानू नकोस, ते फोडलंय का आणि किती उरलंय ते पाहा — जस्त, तांबं, सेलेनियम यांची कमतरता गाईच्या तोंडावर लिहिलेली नसते. पोत्यातलं मीठ भाजीत उतरत नाही.

१०. उन्हाळ्यात नुसता कडबा चालू असेल तर दोन पेंढ्या हिरव्याच्या कुठूनही मिळव — वाळलेल्या चाऱ्यात कॅरोटीन जवळपास संपलेलं असतं आणि अंडाशयाला ते हवं असतं.

इथे जरा थांबतो, कारण सणांचा विषय निघाल्याशिवाय आपल्या गोठ्याची गोष्ट पुरी होत नाही. वसुबारसेला बीज देणाऱ्या गाईची पूजा होते, तिच्या शिंगांना रंग लागतो, गळ्यात माळ येते; छान आहे, फोटो मलाही पाठव. पण घरातला प्रत्येक जण, शिवाय शेजारपाजारचे, पुण्याच्या वाट्यासाठी धावून आपापली पुरणपोळी तिच्या तोंडात घालतात. दुसऱ्या दिवशी पोट आम्लाने तटतं, गाय रवंथ थांबवते, शेण पातळ आंबूस होतं आणि तुझा आठवडाभराचा बेत बारगळतो. मालकाची माया, गाईचं पोट, डॉक्टरची सुट्टी वाया. नको म्हणू नकोस, भावना दुखावतात. नैवेद्याची एक पोळी घरातल्या थोरल्या बाईच्या हातून घालायची आणि बाकीच्यांनी हळदकुंकू वाहायचं, असा तह आदल्या दिवशीच कर.

११. एप्रिल-मेचा उन्हाळा जून लागला की संपला असं समजू नकोस — तापलेल्या दिवसांत अंडाशयातली बारकी फॉलिकलही होरपळलेली असतात, आणि ती सगळी निघून जाऊन नवी यायला हवा गार झाल्यावरही दोन-तीन माजांचा काळ जातो. पंखा चैत्रात लाव, फळ श्रावणात मोज.

१२. फॉगर घेण्याआधी गाव कोणतं ते बघ — अकोल्या-वर्ध्याच्या कोरड्या हवेत धुकं गाईला गार करतं, कोकणात तेच धुकं दमटपणा वाढवतं आणि तिथे वारा जास्त कामाला येतो.

१३. होल्स्टिन संकरित गाय आणि गीर एकाच छपराखाली असतील तर सावलीची चांगली जागा संकरितला दे — गीर, देवणी, खिल्लार या ऊन सोसत आल्या आहेत, त्यांच्या बीजालाही ते कमी बाधतं. कमी म्हणजे अजिबात नाही असं मात्र नव्हे.

१४. लस टोचली, ताप आला, सड सुजला, पाय लंगडला, यातलं काहीही झालं तर तारीख लिही आणि सुई पुढे ढकल — ताप आणि सूज अंडाशयापर्यंत पोहोचते. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा अंगावरच्या गाठी बसल्या म्हणून गाय बरी झाली असं अनेकांना वाटलं. आतून सावरायला तिला अजून वेळ हवा होता.

आता गाय कोणती निवडायची. यावर लोक बरंच बोलतात आणि बहुतेक वेळा दुधावरच बोलतात.

१५. पहिल्या दोन-तीन वेळा सोनोग्राफीत बारीक फॉलिकल मोज आणि त्या आकड्यावर विश्वास ठेव — हा आकडा गाईगणिक वेगळा असतो, पण एकाच गाईत बऱ्यापैकी टिकून राहतो. जिच्यात मुळात कमी आहेत तिच्यावर इंजेक्शनांचा मारा करून फार काही वाढत नाही.

१६. गीर आणि साहिवाल गाईंचा आकडा होल्स्टिनच्या शेजारी मांडू नकोस — या वंशांत मुळातच फॉलिकल जास्त असतात. सौराष्ट्रातून नेलेल्या गीरवर ब्राझीलने प्रयोगशाळेतल्या भ्रूणांचं एवढं मोठं काम उभं केलं, त्यामागे गाईची ही देणगीही आहे.

१७. म्हशीकडून गाईएवढी बीजं मागू नकोस — तिचं अंडाशय लहान, फॉलिकल मोजकी. शिवाय तिच्या बीजात चरबी जास्त असल्याने ते काळसर दिसतं. ‘काळं म्हणजे खराब’ हा गाईवरून शिकलेला नियम लावून चांगली बीजं फेकू नकोस. १९९० मध्ये कर्नालला ‘प्रथम’ नावाचं परखनळीचं रेडकू जन्मलं ते अशाच काळसर बीजातून.

१८. हात बसवायचा असेल तर कत्तलखान्यातून येणाऱ्या म्हशीच्या अंडाशयांवर बसव, कोमट सलाइनमध्ये आणव आणि आल्या आल्या कामाला लाग — गाईचं बीज आपल्या राज्यात फक्त जिवंत गाईतूनच मिळतं, आणि कुणाच्या लाडक्या कपिलेवर तू शिकावंस हे मालकालाही पटणार नाही, कपिलेलाही.

१९. म्हाताऱ्या, नामांकित गाईची वेळ टळून जाण्याआधी यादीत वरचा नंबर लाव — वय वाढलं की फॉलिकल घटतात, आणि मालक नेमका तेव्हाच जागा होतो.

आता खोड्यापाशी ये. इथे मी थोडा जास्त बोलेन, कारण चांगलं पिकलेलं बीज वाया जातं ते बहुधा इथल्या पाच मिनिटांत.

२०. गाय खोड्यात घेताना तिचा रोजचा गडी शेजारी उभा कर आणि त्याला बोलत राहू दे — गाय अंग चोरते, कुंथते तेव्हा अंडाशय हातातून निसटतं. खिल्लार असेल तर दुप्पट वेळ धर. भित्र्या गाईला चौदा हात, शांत गाईला एक.

२१. शेपटीच्या मुळाशी लिग्नोकेन देऊन झालं की घड्याळ न बघता शेपूट बघ — शेपूट सैल लोंबली म्हणजे गुण आला. डोस वाढवून घाई केलीस तर मागचे पाय लटपटतील आणि गाय बसेल.

२२. शेण पूर्ण काढ, आणि ‘राहू दे थोडं’ म्हणणाऱ्या मदतनिसाचं ऐकू नकोस — थोडं शेण म्हणजे मध्येच एक कुंथणं, आणि एक कुंथणं म्हणजे सुई फॉलिकलऐवजी रक्तवाहिनीत.

२३. सुई बोथट वाटायची वाट पाहू नकोस, आधीच बदल — बोथट सुई फॉलिकल फोडण्याआधी ते ढकलते, अंडाशयाला जखम करते आणि पुढच्या खेपेला तिथे टणक व्रण लागतो. घाई सुईला, शिक्षा गाईला.

२४. पंपाच्या काट्यावर दाब बघून निश्चिंत होऊ नकोस, मोजपात्र घे आणि सुईतून मिनिटाला किती पाणी येतं ते मोज, साधारण १५ ते २० मिली — तोच दाब लांब नळीला एक वेग देतो, जाड सुईला दुसरा. वेग जास्त झाला की बीजाभोवतीच्या पेशी ओरबाडल्या जातात; कमी झाला की बीज नळीतच अडकतं.

२५. धुण्याच्या द्रवात हेपरिन घातलंय ना, हे सुई हातात घेण्याआधी मोठ्याने विचार — रक्ताची गुठळी झाली की बीज तिच्यात गुरफटतं आणि तू सूक्ष्मदर्शकाखाली तासभर लाल जेली चिवडत बसतेस.

२६. दर तीन-चार दिवसांनी, म्हणजे सोमवार-गुरुवार असं काढत राहिलीस तर इंजेक्शनाशिवायही दर्जा बरा मिळतो — एकच फॉलिकल मोठं होऊन बाकीच्यांना दडपायला वेळच मिळत नाही. मध्ये मोठा खंड पडला असेल तर आधी ते दांडगं फॉलिकल फोड, नवी लाट येऊ दे, मग बीजं काढ.

२७. एफएसएच, म्हणजे फॉलिकल वाढवणारं संप्रेरक, दिलंस तर शेवटच्या इंजेक्शनानंतर सुमारे दोन दिवस हात बांधून बस — त्या थांबण्यात फॉलिकल नुसती फुगत नाहीत, आतलं बीजही तयारीला लागतं. लगेच सुई लावणं म्हणजे आंबा उतरवून पाडालाच खाणं.

२८. बीज आणि ते धुण्याचं पाणी, दोन्ही ऊब असलेल्या ठोकळ्यातच ठेव, पौषात गोठ्यात काम असेल तर नळीलाही कापडाचं आवरण घाल — बीज गारठ्याला घाबरतं, आणि गोठ्यातला पहाटेचा वारा ऊब झपाट्याने ओढून नेतो. गाळणी कोरडी पडू देऊ नकोस, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगितलं.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दर्जेदार बीज दिसेल तेव्हा कुणी नाव सांगावं लागत नाही. मधोमध एकसारखा गोल, भोवती चार-पाच थरांची दाट, चमकदार पेशींची गादी, कडा घट्ट. हलक्या बीजाला दोन-तीनच थर असतात, कुठे कुठे उघडं पडलेलं. आणि जे पिंजून फुललेलं, ढगाळ, आत गडद ठिपके जमलेलं दिसतं, ते फॉलिकलमध्येच उतरणीला लागलेलं असतं. तेही मोज, पण वेगळ्या रकान्यात. स्वतःला खूश करण्यासाठी दुसऱ्या दर्जाचं बीज पहिल्यात ढकलायचा मोह सगळ्यांना होतो. सातव्या दिवशी ताटली ते उघड करते.

२९. प्रत्येक गाईची बीजं पिकवण्याच्या माध्यमात पडली तो क्षण डबीवर लिही — फॉलिकलबाहेर आल्यावर बीज पिकायला सुरुवात करतं, आणि २२ ते २४ तासांची गणती तिथून होते. शुक्राणू उशिरा भेटले तर बीज म्हातारं होतं.

३०. गरम पाटाचा काटा ३७ दाखवतो म्हणजे थेंब ३७ वर आहे असं मानू नकोस, बारीक थर्मामीटर थेंबात बुडवून बघ — काच, प्लास्टिक आणि एसीचा झोत मधे दोन अंश खाऊन टाकतात.

३१. इन्क्युबेटरच्या ३८.५ अंशांवर आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर श्रद्धा ठेव, पण वेगळ्या मीटरने तपासूनही घे, आणि नवी ताटली काही तास आधी आत ठेवून तिला श्वास घेऊ दे — वायू द्रवात मुरला नाही तर आम्लता चुकते आणि बीजाला ती आधी कळते, तुला नंतर.

३२. प्रयोगशाळेत अत्तर, गजरा, उदबत्ती, फिनेल, ताजा रंग यांना दार बंद — हवेतली ही वाफ तेलात आणि माध्यमात शिरते. गणपतीत आरती बाहेरच्या खोलीत, धूप अंगणात; देव समजून घेतो, भ्रूण घेत नाही.

३३. खनिज तेल उजेडात ठेवू नकोस, आणि तेल वा सीरम यांचा नवा लॉट आला की आधी मोजक्या बीजांवर पारख — त्यांचा दोष बाटलीत दिसत नाही, सातव्या दिवशी ताटलीत दिसतो.

३४. एका आठवड्यात दोन गोष्टी बदलू नकोस, तेल तर तेल, रेत तर रेत — आकडा पडला तर कुणाला बोल लावायचा ते कळायला हवं. रेताचा एक ओळखीचा वळू कायम हाताशी ठेव; काही वळू गावात गाभ राहायला चांगले, पण ताटलीत अडतात, आणि शिव्या बिचाऱ्या बीजाला बसतात.

३५. गाईगणिक वही ठेव: फॉलिकल किती दिसली, बीजं किती आली, दर्जा, किती दुभंगली, किती भ्रूण झाले, आणि त्या दिवशीचा चारा व उन्हाची दोन वाक्यं — गाय तिच्या स्वतःच्या मागच्या खेपेशीच ताडून बघायची असते, शेजारच्या दावणीशी नाही. नोंद नाही तो दिवस उजाडलाच नाही.

३६. आकडा सलग दोन खेपा पडला तर इन्क्युबेटर उघडण्याआधी गोठ्यात फोन लाव — चाऱ्याचा ट्रक बदलला, पाण्याचा टँकर आला, गडी सुट्टीवर गेला, यातलं काहीतरी निघतं. गड्याशी नीट बोल, ‘काका’ म्हण, तो तुला मालकापेक्षा खरं सांगेल.

३७. कार्बन डायऑक्साइडचा दुसरा सिलिंडर गणपती आणि दिवाळीच्या आठ दिवस आधीच भरून ठेव, इन्व्हर्टरची बॅटरीही तपास — सुट्टीत ना गॅसवाला फोन उचलतो, ना वीज मंडळाचा माणूस, आणि सातवा दिवस सण बघून येत नाही.